उताऱ्यावरून उडी

२ नोव्हेंबर, खर्डा

केडगाव सोडून आज खर्ड्यात आलो आणि पहिल्याच दिवशी पानात गरमागरम शेंगोळे पडले. हनुमंतकाकांच्या कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचं, त्यांच्याच माडीवर राहायचं आणि सकाळी किल्ल्याकडच्या रस्त्याने पळायचं. नोकरी नावाला. पोलीस भरतीचं ग्राउंड महिन्यावर आलंय आणि माझे पाय ही आमच्या घरातली एकमेव चीज, जिची पाहुणेसुद्धा तारीफ करतात. धाकटी बहीण स्नेहलही भरतीला उभी आहे. तिला म्हटलं, सलाम ठोकायची सवय करून ठेव. ती म्हणाली, दादा, आधी धावून तर दाखव.

काकांचा मुलगा करण खाटेवर असतो. वर्षापूर्वी त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. कमरेखाली त्याला काही कळत नाही, पाय वाळल्या शेवग्याच्या शेंगांसारखे झालेत. संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्यासमोरच उड्या मारून अंग मोकळं केलं. कुणी हरकत घेतली नाही. काकांची आई, बायडाबाई, तर माझ्या पोटऱ्यांकडे कौतुकाने बघत बसल्या.

५ नोव्हेंबर

करणने एक गेम बनवलाय! लहानपणी टीव्हीला जोडून, कॅसेट टाकून खेळायचो त्या उड्यांच्या गेमचं त्याला भारी वेड. त्याच धर्तीवर पडल्या पडल्या हा तयार केला. काय गोड आहे! फेटेवाला बुटका गडी बुरुजांवरून, उसाच्या गाड्यांवरून टणाटण उड्या मारतो, गुळाचे खडे गोळा करतो. विंचवावर पाय पडला की विंचू चिरकून चपटा होतो. मागे हलगी वाजते. सुरुवातीला आपलं पूर्ण नाव टाकायचं, मग गडी त्याच नावाचा होतो. आदिनाथ माझ्यासारखाच चपळ निघाला.

प्रत्येक लेव्हलच्या शेवटी तीन वाटा फुटतात आणि मधोमध उतारा ठेवलेला. पत्रावळीवर दहीभात, लिंबू, गुलाल. आजाऱ्यावरून ओवाळून टाकलेला उतारा ओलांडला की त्याचं दुखणं आपल्याला लागतं, म्हणून आई मला कान धरून बाजूने न्यायची. इथे ओलांडल्याशिवाय लेव्हल संपतच नाही. पडद्यावरच्या दहीभाताला कोण भितो? मारली उडी. मागे उभ्या असलेल्या बायडाबाईंनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

८ नोव्हेंबर

बायडाबाई काठी न घेता बाजार करून आल्या. म्हणाल्या, "लई वर्सांनी गुडगा गप हाय बग, लेकरा." माझा मात्र उजवा गुडघा धरलाय. रस्त्यावरच्या खडीने असेल. पळणं निम्म्यावर सोडलं आणि दुपारी दुसरी लेव्हल मारली. करण म्हणाला, असा खेळणारा आजवर मिळाला नव्हता. हे मात्र खरं बोलला.

१२ नोव्हेंबर

कंबर गेली. वाकून बूट घालता येईना. हनुमंतकाकांची कंबर म्हणे कायमची धरलेली, आणि आज त्यांनी सिमेंटची पोती एकट्याने उतरवली. वर मलाच विचारतात, "काय रं, पोलीस हुनार का पेन्शनर?" असा राग आला की खुर्चीला उशी लावून शेवटची लेव्हल खेळायला बसलो. महाकठीण. पुन्हा पुन्हा पडलो. करणने माझ्या शर्टाचं टोक घट्ट धरलं होतं. एकदाचा उतारा ओलांडला आणि तिघंही रडायला लागले. एका गेमसाठी! संध्याकाळी पुरणपोळी केली.

१४ नोव्हेंबर

पाय गार पडलेत. जिन्यावरून पडलो. पोटरीला सुई टोचून पाहिली, रक्त आलं, दुखलं नाही. डॉक्टर म्हणतात नस दबली असेल.

१५ नोव्हेंबर

करण खाटेच्या कडेला बसला होता. पाय खाली सोडून. हलवत होता.

विचारलं तर त्याने लपवलं नाही. मोबाईलमधले फोटो दाखवले. बायडाबाई खरा उतारा करतात, ज्याचं दुखणं त्याच्यावरून ओवाळतात. करण त्याचा फोटो काढून गेममध्ये ठेवतो. पहिला आजीचा. दुसरा काकांचा. तिसरा—

मी आई-बहिणीवरून शिव्या दिल्या. बायडाबाईंनी शांतपणे ऐकून घेतल्या. म्हणाल्या, "तुज्या पायात लई जीव हुता, लेकरा. आमच्या पोराला नगं का?" मग माझ्यासाठी चहा ठेवला.

१९ नोव्हेंबर

खाटेवर आता मी. करण भिंत धरून चालतो. माझ्यासमोर.

आज त्यानेच तोड सांगितली. माझीही एक लेव्हल करून देतो म्हणाला, तेवढं तर करायलाच पाहिजे. बायडाबाईंनी दहीभात कालवला, माझ्यावरून ओवाळला, सख्ख्या नातवावरून ओवाळावा तसा. काकांनी फोटो काढला. तिघंही इतक्या मायेने वागतात की किळस येते. आता दुसऱ्या कुणीतरी ओलांडायचं. एवढंच.

२२ नोव्हेंबर

सगळ्या मित्रांना गेम पाठवला. बहुतेकांनी उघडलाच नाही. एक उघडून म्हणाला, पोराटोरांचा खेळ आहे. ग्राउंडची तारीख जवळ येतेय आणि पायावर पांघरूण आहे की नाही हे मला डोळ्यांनी बघावं लागतं.

मी पाठवलेलं सगळं मन लावून खेळेल असं एकच माणूस आहे.

नाही.

२३ नोव्हेंबर

नाही.

२४ नोव्हेंबर

पाठवला. लिहिलं, खास तुझ्यासाठी. तिने लगेच नाव टाकलं. म्हणाली, दादा, किती गोड आहे रे—

२६ नोव्हेंबर

स्नेहलचा फोन. तीन वाटांवरची उडी जमत नाही, नेमकी कधी मारू? परवा तिचं ग्राउंड आहे. आज सरावात सगळ्यांत कमी वेळात धावली, तेही सांगितलं. हसत होती.

मी सांगितलं. पत्रावळीच्या अगदी कडेला ये, मग मार. घाबरू नकोस.

फोन चालूच आहे. उशीवर. हलगी ऐकू येतेय. पडली. परत पडली. दादा, थांब हं, ठेवू नकोस, म्हणते—

थांब म्हणावं. एक शब्द. तोंडाशी आलाय. आत्ता म्हणतो—

पायाच्या अंगठ्याला मुंगी चावली.

चावलेली कळली. डावा अंगठा, माझा—

ओरडतेय. दादा, जमलं, जमलं— आणि मी तिला शाबास म्ह—