नसलेल्या शुक्रवारची चूक

सोमवार, १३ नोव्हेंबर २०२३. सायंकाळी ५.४०

बरोबर पाच चाळीसला इओसेफो मास्तरांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं आणि चर्चच्या हॉलच्या व्हरांड्यात उभं करून सांगितलं, की मी चोर तरी आहे नाहीतर चोराची साथीदार. शब्द हे नव्हते. शब्द होते, "लुसियाबाई, परीक्षा मंडळाकडून जरा विचारणा आलीय." अर्थ हाच.

मंडळ समुद्रापलीकडचं. त्याचं म्हणणं असं — शालान्त परीक्षेसाठी मी दिलेला प्रोग्राम आणि माझ्या वर्गातल्या लांगीमाइनाने दिलेला प्रोग्राम, दोन्हींत हुबेहूब एकच चूक आहे. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखी येतात. चूक सारखी आली म्हणजे एकीने दुसरीचं उतरवलं. चौकशी होईपर्यंत दोघींचे निकाल रोखले.

"कोणती चूक?" मी विचारलं.

"ते कळवलेलं नाही. तपासणी मशीनने होते."

"आणि मशीनची तपासणी कोण करतं?"

मास्तर हसले. हा माणूस ऑकलंडमध्ये जन्मला, तिथेच वाढला, तीन वर्षांपूर्वी इथे आमच्या बेटांच्या राजधानीत, आपियात आला. बोलतो आपल्यासारखंच, पण आधी हसतो आणि मग बोलतो. अशा माणसांवर माझा विश्वास बसत नाही.

सिस्टरांच्या शाळेत मी शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचले होते. परीक्षेच्या आधी वडिलांनी नाव काढलं. भावाला न्यूझीलंडला पाठवायचं होतं, म्हणून मला फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत बसवलं. तिथे केस पिकले. निवृत्त झाल्यावर या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. बाकीचे विषय सुटले, हा एक प्रोग्रामिंगचा उरला होता. हा गेला तर सर्टिफिकेट गेलं. पुन्हा सगळं वर्ष करायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागेल.

तिथल्या तिथे कागद मागितला आणि मंडळाला उत्तर लिहून मास्तरांच्या हातात दिलं. "माझा प्रोग्राम माझा आहे, ओळ अन् ओळ. उतरवलं असेल तर त्या मुलीने."

वाचून मास्तर म्हणाले, "पाठवू? नक्की?"

"पाठवा म्हटलं ना!"

मंगळवार, १४ नोव्हेंबर

लांगीने वर्गात "मावशी" म्हणून हाक मारली. मला ऐकू आली नाही.

बुधवार, १५ नोव्हेंबर

विचार करते आहे. ही मुलगी माझ्या मागच्याच बाकावर बसते. माझ्या खांद्यावरून तिला पडदा दिसत असणारच. ऑगस्टमध्ये माझा पेनड्राइव्ह मागून नेला होता, "उद्या देते मावशी," म्हणाली, आठवड्याने दिला. तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतंय. आणि अळूच्या पानांची पालुसामी आणून दिली होती एकदा, आईने केलेली, नारळाचं दूध अगदी दाट. उगाच कोण कुणाला खायला आणून देतं?

वर्गात सातजण. सहाजण माझ्या नातवंडांच्या वयाचे. त्यांना सगळं पटकन येतं. मला येत नाही, पण आलं की जात नाही. पहिल्या महिन्यात एक टिंब चुकलं म्हणून प्रोग्राम चालेना, पोरं वैतागली. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या सिस्टरही अशाच होत्या. "साधारण बरोबर" हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. मास्तर 'लूप' समजावत होते, तेच ते काम यंत्राकडून परत परत करून घ्यायचं, आणि कुणाच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, अरे, जपमाळ आहे ही. दहा मणी झाले की मोठा मणी, पुन्हा दहा. मोठा मणी विसरलात तर मरेपर्यंत फिरत बसाल. लांगी तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसली होती. म्हणाली, "मावशी, मास्तरांची खुर्ची तुम्ही घ्या."

गोड बोलणारी मुलगी. हेच तर.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

चूक कोणती ते कळलं. मास्तरांनी मंडळाकडून छापील कागद मागवला होता, तो समोर ठेवला.

काम असं दिलेलं होतं: दोन तारखा द्यायच्या, मधे किती दिवस गेले ते प्रोग्रामने मोजून सांगायचं. मंडळाचं मशीन म्हणतं, दोन हजार अकरा सालचा शेवट मधे आला की आमच्या दोघींच्या उत्तरात एक दिवस कमी पडतो.

पडणारच! ती ओळ मी मुद्दाम घातली आहे. त्या वर्षी तीस डिसेंबर आमच्याकडे झालाच नाही. सरकारने समुद्रात तारीख बदलते ती दिनरेषा ओलांडून देशाला या बाजूला आणलं, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा आणि आमचा वार एक होईल. गुरुवारी रात्री एकोणतीस तारखेला झोपलो, उठलो तो शनिवार, एकतीस. शुक्रवार गेला तो गेला. मी तेव्हा खिडकीत होते. एक माणूस शुक्रवारच्या बोटीचं तिकीट मागत होता. म्हटलं, बोट आहे, खलाशी आहेत, शुक्रवार नाही. तो म्हणाला, मग त्या दिवशी मी कुठे असेन? म्हटलं, ते फादरना विचार. आणि म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, मांस न खाण्याचा एक शुक्रवार देवाने माफ केला, आता दोन शनिवार चांगलं वागा.

मी हे सांगितलं तर इओसेफो मास्तर बघतच राहिले. "पण मी त्या शुक्रवारी पोहायला गेलो होतो," म्हणाले. "चांगला आठवतोय."

"ऑकलंडला," मी म्हटलं.

"हो."

"तोच फरक आहे मास्तर. तुमच्या वाट्याला तो आला. आमच्या नाही."

या वेळी हसले नाहीत. वर्गातल्या बाकी पाचजणांनी यंत्रातलं तयार फंक्शन वापरलं, तारखा टाका, उत्तर घ्या. त्या फंक्शनला आमचा शुक्रवार ठाऊक नाही, म्हणून त्या पाचांना पूर्ण गुण. मी तयार मसाला वापरत नाही. एकेक दिवस लूपने मोजला आणि तिथे आल्यावर एक सोडून दिला.

म्हणजे चूक माझी नाहीच. पण मग संशय उलट पक्का झाला. ही ओळ तिकीट खिडकीत बसलेल्या बाईलाच सुचणार. तेव्हा पहिलीत असलेल्या पोरीला त्या दिवसाचं काय आठवणार?

रविवार, १९ नोव्हेंबर

चर्चमधल्या मिस्साहून आलो. सिएनीवहिनीने उमूतून, तापल्या दगडांच्या चुलीतून, अळूचे कंद आणि मासा काढला. भाऊ वारून सहा वर्षं झाली, घरात आम्ही दोघीच. मी बोलते आणि ती जेवते. आज मी बोलत होते, की ती ओळ माझ्याशिवाय कुणाला सुचणं शक्य नाही.

तिने ताट बाजूला सारलं. "वन्सं, एक सांगू? राग मानू नका."

"मानणारच. सांग."

"तो शुक्रवार काय तुमच्या एकटीचा हरवला? रस्त्यावर कुणालाही थांबवा, सांगेल. तुमच्या प्रोग्रामात तो दिवस असता ना, तर मी म्हटलं असतं, हा बाहेरच्या कुणीतरी लिहून दिला."

मी म्हटलं, तुला प्रोग्रामिंगमधलं काय कळतं?

"काही नाही," ती म्हणाली. "मासा घ्या, गार होतोय."

दुपारी झोप लागली नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

लांगीच्या घरी गेले. मागच्या अंगणात ती कपडे वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, "अगंबाई, मावशी. कान आले वाटतं परत?"

मी सरळ विचारलं. ती ओळ कुठून आली?

तिने ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला. "मावशी, माझा वाढदिवस कधी असतो?"

"मला काय माहीत."

"तीस डिसेंबर. सहा वर्षांची होणार होते. आईने केक सांगितला होता, निळा. उठले तर सगळे म्हणतात, आज एकतीस. मी विचारलं, माझा वाढदिवस? बाबा म्हणाले, तो आलाच नाही, जा, यंदा तू पाचच. मी इतकी रडले, इतकी रडले, की शेजारून आजी धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं." ती हसत होती. "भाऊ अजून चिडवतो. लहान आहेस म्हणतो, तुझं एक वर्ष बाद. मी प्रोग्राम लिहायला बसले ना, तर पहिली तीच ओळ लिहिली. बाकीचं नंतर."

"तयार फंक्शन का नाही वापरलंस?"

"वापरलं होतं आधी. त्याने माझा वाढदिवस झाला म्हणून सांगितलं. मग म्हटलं, याला कळत नाही, आपणच मोजू."

"आणि पेनड्राइव्ह?"

"कॉयरची गाणी होती ना तुमच्याकडे. तुम्हीच म्हणालात, घेऊन जा." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "मावशी, तुम्हाला वाटलं मी..."

मी म्हटलं, मंडळाला सगळं समजावून लिहिते. तिने शिष्यवृत्तीचं सांगितलं. सुवाच्या विद्यापीठात पुढे शिकायला जायचंय, यादीत नाव लागलंय, डिसेंबरच्या मध्यापर्यंत शालान्तचा निकाल द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. निघताना तिच्या आईने पपया दिल्या. मी त्या घेतल्या.

घरी येऊन मंडळाला सविस्तर लिहिलं. दिनरेषा, सरकारचा निर्णय, सगळं. या देशात राहिलेला कोणीही माणूस हीच ओळ लिहील, असंही लिहिलं. तेरा तारखेचं ते वाक्य मागे घ्यायचं मनात आलं होतं. मग वाटलं, एवढं वाचून त्यांना कळेलच. आपणच आपल्याला खोटं कशाला ठरवा?

शनिवार, २५ नोव्हेंबर

उत्तर नाही. मंडळ मशीनलाच विचारत बसलं असणार.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

आलं.

मास्तरांनी वर्ग सुटल्यावर वाचून दाखवलं. माझं स्पष्टीकरण मान्य. माझे गुण पूर्ण. सर्टिफिकेट पुढच्या आठवड्यात छापलं जाईल. नाव कसं हवं ते कळवावं.

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. नाव कसं हवं! वडिलांचं लावावं की नाही, इथपर्यंत मन जाऊन आलं.

"आणि लांगी?" मी विचारलं.

मास्तरांनी कागद उलटला. खालच्या परिच्छेदात होतं. ही ओळ मूळ कोणाची, याबद्दल लुसिया यांचं तेरा नोव्हेंबरचं लेखी विधान उपलब्ध आहे. ते विधान आणि त्यांचं वय व अनुभव लक्षात घेता दुसऱ्या उमेदवाराने उतरवल्याचं सिद्ध होतं. तिचा निकाल रद्द.

"मी विचारलं होतं तुम्हाला," मास्तर हळू म्हणाले. "पाठवू का म्हणून."

विचारलं होतं. आधी हसले नव्हते तेव्हाही. आता आठवतंय.

बाहेर आले तर ती पायरीवर बसली होती. तिला आधीच कळवलं होतं, कागदाची प्रत तिच्या मांडीवर होती. मी जवळ गेले. ती उठली, पुलेतासीच्या घागऱ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "अभिनंदन, लुसियाबाई."

मावशी म्हणाली नाही.

घरी सिएनीवहिनी म्हणाली, "घ्या ना वन्सं. पन्नास वर्षं वाट बघितलीत. तिचं वय आहे, ती पुन्हा बसेल परीक्षेला." बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. पूर्वी लोक अशा वेळी चांगली चटई डोक्यावरून घेऊन ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात खाली मान घालून बसत, घरचे ऊठ म्हणेपर्यंत. मी तसं बसले तर तिची आई लगेच उठवेल, आणि वर पपया देईल. त्याने निकाल बदलत नाही.

शुक्रवार, १ डिसेंबर

सकाळी मंडळाला पाठवलेला मजकूर, जसाच्या तसा:

"१३ नोव्हेंबरचं माझं विधान खोटं आहे. ते मी संशयाने लिहिलं, पुरावा काहीही नव्हता. या विधानावर कुणाचा निकाल रद्द करायचाच असेल तर माझा करा. ओळ दोघींनी आपापली लिहिली हे मान्य असेल तर दोघींना पास करा. एकीला पास करून दुसरीला नापास केलेलं सर्टिफिकेट मी घेणार नाही, छापू नये. काय ठरलं ते लेखी कळवावं, गुरुवार, ७ डिसेंबर, दुपारी बाराच्या आत. उत्तर माझ्या नावाने नको. लांगीमाइनाच्या नावाने पाठवावं."