तोंडावरचा हात

मंगळवार, डमडम

यांची बँकेतली बदली कोलकात्याला, आणि काम बंद पडलं माझं! आमच्या वाचा-उपचार केंद्राचं काम महाराष्ट्रापुरतंच. राज्याबाहेरून व्हिडिओवरचे तासही घ्यायचे नाहीत म्हणे. आवाजाला कसली आलीय राज्याची हद्द?

नाशिकच्या ओवीच्या कानाला यंत्र आहे. तिने ओठ न बघता ऐकावं म्हणून मी तोंडावर हात धरून बोलते. आज व्हिडिओवर तिच्या आईशी बोलतानाही तोच हात धरला, पोरीला कळू नये म्हणून. हळूच म्हणाले, "आजचा तास शेवटचा."

चित्र रंगवणाऱ्या ओवीने मान वर केली. "ताई, शेवटचा का?"

वर्षभर याचीच तर वाट पाहत होते. शाबास म्हणायचं होतं, पण तोंडावरचा हात काही खाली येईना.