डाव्या हाताची पट्टी

सोमवार, ३ जून

पट्ट्या बांधायच्या माझ्या खोलीत आजपासून मनाचाही दवाखाना! वेगळी खोली नाही, म्हणून ज्यांना 'मनाचं काही' आहे त्यांनीही इथेच यायचं. मी झोप-भूक विचारायची, ऐकून घ्यायचं, फारच वाटलं तर डॉक्टरबाईंकडे पाठवायचं — गोळ्या त्या देतील. प्रशिक्षण झालं तीन दिवसांचं. नीट पट्टी बांधायला शिकले तेव्हा वर्ष गेलं होतं.

भिंतीवर पोस्टर लागलंय — मनाचा आजार इतर आजारांसारखाच, लाजू नका. दिवसभरात कोणी आलं नाही. एक बाई डोकावली, पोस्टर वाचलं आणि खोली चुकल्यासारखं करून निघून गेली.

गुरुवार, ६ जून

कोपऱ्यावरचे शिंपीदादा आले. कात्रीने डावा तळहात कापलेला. जन्म गेला कात्री चालवण्यात, आणि हे! जखम धुताना सहज विचारलं, रात्री झोप लागते का? तर माणूस रडायलाच लागला. मुलगा भांडून घर सोडून गेलाय. घास उतरत नाही, मशीनवर बसलं की शिवण दिसेनाशी होते.

मी एका हातात त्यांचा हात, दुसऱ्या हातात कापूस धरून नुसती 'हं, हं' करत राहिले. प्रशिक्षणातलं एक वाक्य आठवलं असेल तर शपथ. जाताना म्हणाले, बरं वाटलं. कशाने? मला खरंच कळलं नाही.

बुधवार, १२ जून

शिंपीदादांची जखम भरली. पट्टी काढून टाकली तर म्हणाले,

"परत बांधा ना, सिस्टर."

"अहो, आता कशाला?"

"घरी विचारतात, सारखा दवाखान्यात कशाला जातोस म्हणून. पट्टी असली की कोणी विचारत नाही."

बांधली. चुकलं का माझं? इंजेक्शन खोटं देत नाही आपण, मग पट्टी खोटी कशी चालते?

सोमवार, १७ जून

त्या दिवशी डोकावून गेलेली बाई आली. खुर्चीवर बसली आणि धडधाकट डावा हात पुढे केला! बातमी फुटलीय तर. आता असे पाच-सहाजण येतात.

माझ्या मदतीला नुकत्याच आलेल्या नव्या नर्सशी ठरवून टाकलं — अशी पट्टी कायम डाव्या तळहाताला, गाठ मनगटाच्या मागच्या बाजूला. खरी जखम असेल तर गाठ पुढे. ठरवणं भागच होतं. शनिवारी तिने जखम खरी समजून एका गृहस्थांना धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं. बिचाऱ्यांनी मुकाट्याने टोचून घेतलं, वर आभार मानले.

गुरुवार, २० जून

घरात शांतता आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंच्या जिभेला सुट्टी माहीत नव्हती — चहा पाणचट, चादर वाकडी, माझं चालणं म्हणजे आग लागल्यासारखं. हल्ली काही बोलत नाहीत. सासरे गेले तेव्हाही इतक्या गप्प नव्हत्या. सुरुवातीला मला बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू!

आज चहात साखर घालायची विसरले. त्यांनी तो तसाच पिऊन कप खाली ठेवला.

दिवसभरात एकच वाक्य बोलल्या, खिडकीतून रस्ता बघत. "तुमच्याकडे येणाऱ्यांच्या डाव्या हातालाच कसं गं लागतं?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. खोलीतलं खोलीत राहिलं पाहिजे.

सोमवार, २४ जून

डॉक्टरबाईंना पट्ट्यांचं कळलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाल्या, भिंतीवर 'लाजू नका' लिहायचं आणि खाली बसून आपणच लाज गुंडाळून द्यायची? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! अगदी पटलं मला. आजपासून पट्ट्या बंद.

गुरुवार, २७ जून

तीन दिवस खोली रिकामी. शिंपीदादा रस्त्यात दिसले, मला बघून पलीकडून गेले. पटलेली गोष्टही चुकीची असते का? इकडे आड, तिकडे विहीर.

सासूबाईंचे कपडे अंगावर लोंबायला लागलेत. निम्मं ताट तसंच परत येतं. हे म्हणतात, वय झालं तिचं. आज धीर करून शेजारी बसले आणि खोलीत विचारते तसंच विचारलं — आई, झोप लागते का?

"मला वेड्यात काढतेस?"

एवढं बोलून भिंतीकडे तोंड केलं. जगाची झोप विचारत फिरते मी, आणि घरात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भीती वाटते. कोणाला सांगू?

सोमवार, १ जुलै

शिंपीदादांची बायको आली. ते अंथरुणातून उठत नाहीत, दुकान बंद. डॉक्टरबाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "बांधा पट्ट्या, सिस्टर. पोस्टरही राहू दे. बरोबर काय ते मलाही कळत नाही."

त्यांना तरी कळायला हवं होतं, असं वाटलं. शिंपीदादांना बायकोबरोबर निरोप पाठवला — जखम दाखवायला या.

मंगळवार, २ जुलै

शिंपीदादा आले. बांधली.

गुरुवार, ४ जुलै

उद्या-परवा पुन्हा प्रशिक्षण, दुसऱ्या गावी मुक्काम. खोली नव्या नर्सच्या हवाली. सासूबाईंना सोडून जायला पाय निघत नाही. हे म्हणतात, मी आहे ना. आहेत खरे, पण बिनसाखरेचा चहा यांना कुठे कळतो?

शनिवार, ६ जुलै

संध्याकाळी घरी आले. सासूबाईंच्या डाव्या तळहाताला पट्टी. सुरी लागली म्हणाल्या. गाठ मनगटाच्या मागे. हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचेना.

"सैल झालीय. नीट बांधून दे. बुधवारी परत बोलावलंय."

सोडली. तळहातावर साधा ओरखडा नव्हता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पुन्हा बांधली, पण गाठ वाकडी आली.

"ही काय गाठ झाली? इतकी वर्षं करतेस काय तिथे? त्या नव्या पोरीने किती छान बांधली होती!"

किती दिवसांनी बोलणी खाल्ली! स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले, आणि मग चहा ठेवला.