लोखंड का झिजावं

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि मी आता तुमच्या त्या वेळच्या वयापेक्षा खूप मोठी आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. भांडं मी नीट धूत होते.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, आणि सांगलीच्या कॉलेजात तुम्ही कोळशापासून थेट वीज काढायला निघाला होतात. बॉयलर नाही, डायनॅमो नाही. शेगडीवर लोखंडी पत्र्याचं भांडं, त्यात वितळलेला कॉस्टिक सोडा, मधोमध टांगलेली कोळशाची कांडी आणि भात्यानं फुंकलेली हवा. पहिल्या दिवशी मीटरचा काटा हलला तेव्हा वर्गातल्या एकुलत्या एका मुलीला, म्हणजे मला, बोलावून तुम्ही म्हणालात, "वजनं आणि नोंदी आजपासून तुझ्याकडे." वाईहून शिकायला आलेल्या मला याहून मोठं कुणी काही दिलं नव्हतं.

म्हणून मी रोज वजन करत राहिले. कांडी झिजायची ते ठीक, ती इंधनच होती. पण भांडंही हलकं होत होतं. आतून काळ्या खपल्या सुटायच्या, आणि मीटरचा काटा दर दिवशी थोडा आधीच खाली यायचा. मी विचारलं, "सर, लोखंड का झिजावं?" मान वर न करता तुम्ही म्हणालात, "घरच्या भांड्यांसारखं राखेनं घासत असशील." सगळा वर्ग हसला.

मग तीन दिवस मी भांड्याला हात लावला नाही. प्रयोगशाळेतला म्हातारा शिपाई, जतकडचा, तो धुवायचा. चौथ्या दिवशी तोच तुमच्यासमोर उभा राहिला. "आवं सर, ताईंचा काय दोष न्हाई. सोडाच खातोय लोखंड. गुळाच्या काहिलीचं बी असं हुत न्हाई."

तुम्ही त्याच्याकडे पाठ केलीत. मला म्हणालात, "संस्थानच्या दरबारातून पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासाठी पहिल्या तासाचेच आकडे उतरव."

"उतरवीन तर सगळे, नाहीतर एकही नाही." मी म्हणाले आणि वही तुमच्या टेबलावर ठेवली.

आकडे तुम्हीच उतरवलेत. पाहुणे आले, काटा वर गेला, ते कौतुकानं वाकून बघू लागले, आणि तेवढ्यात भांड्याच्या तळातून सोडा शेगडीत गळला. तडतडाट, धूर. तुम्ही पाहुण्यांना मागे ढकललंत आणि उसळलेला सोडा तुमच्या मनगटावर आला. पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत. हाताला पट्टी बांधून घेता घेता तुम्ही मला एवढंच म्हणालात, "उद्यापासून प्रयोगशाळेत येऊ नकोस."

मी पुण्याला गेले आणि तोच प्रश्न सोबत नेला. आता त्या यंत्राला इंधन-घट, म्हणजे फ्युएल सेल, म्हणतात. जन्मभर मी त्याचे इलेक्ट्रोड भट्टीत बिघडताना पाहिले. त्यांतले निकेलचे बारीक कण उष्णतेनं एकमेकांना चिकटून मोठे होत जातात, आणि वीज जिथे तयार व्हायची ती जागाच कमी होते. माझ्या प्रत्येक शोधनिबंधात त्या उतरत्या तासांचे आकडे पूर्ण छापले आहेत. पहिला तास कुणीही दाखवील. मी तुमची माफी मागणार नाही.

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. पाहुणे यायच्या त्या सकाळी मी भांडं खिडकीसमोर धरलं, तर तळाशी सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. तुम्ही शेजारच्या खोलीत कोटाची बटणं लावत होतात. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी भांडं शेगडीवर ठेवलं.