मॅडम जवाहिर मरायला नकार देतात

कुवेत, ५ जानेवारी २०२४

ती. मेहबूबभाईंस धाकट्या सुगराचा सलाम वि. वि.

आपल्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून मनातलं कागदावर लिहिते.

ज्यांचे कपडे मी नऊ वर्षं सांभाळते, त्या मॅडम जवाहिर सतराव्या वर्षी रंगमंचावर आल्या. तेव्हा त्यांच्या नाटकमंडळीत बायकांची कामंही पुरुषच करत. त्यांचे वडील दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. मुलगी टीव्हीवर दिसू लागल्यावर मात्र शेजाऱ्यांना बोलावून दाखवू लागले. नायिका, आई, सासू, सगळं करून झालं. आता एकाहत्तराव्या वर्षी त्यांना फक्त मरायचं काम मिळतं. अकरा मालिकांत मेल्या. रमजानच्या नव्या मालिकेत तर तिसऱ्याच भागात मरण होतं. अठ्ठावीस वर्षांचा दिग्दर्शक म्हणाला, जरा लवकर मरा, पुढे जाहिरात आहे. मॅडम उठल्या नि घरी आल्या.

मालिकेच्या कंपनीने त्यांचं काम काढून घेतलं. माझा व्हिसा त्यांच्या नावावर आहे. त्यांनी काम सोडलं तर मला परत यावं लागेल. कुणाला सांगू नका.

आपल्या मायेच्या भरवशावर,
सुगरा

खारेपाटण, २ फेब्रुवारी

चि. सुगरास दुवा वि. वि.

पत्र फक्त तुझ्या भावजयीला दाखवलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. जवाहिर नावावरून निम्म्या लोकांना तो पुरुष वाटला, नि त्यांना त्याची बाजू लगेच पटली. समोरच्या दुकानातले हाजीसाहेब म्हणाले, बाईने या वयात घरी बसावं. हे त्यांनी मोबाइलवर तिचीच जुनी मालिका बघता बघता सांगितलं. आपला शेजारी गंगाराम, ज्याने दशावतारात चाळीस वर्षं राणी केली, तो म्हणाला की आमचो राक्षससुद्धा आडवो पडान मरत नाय, आधी नाचता. त्या बाईक सांग, मरूचा तर उभ्यान मर.

तू ये. आपल्या दुकानात शिलाईचं काम आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुला नाटकात घेतलं होतं, तेव्हा मी नको म्हणालो ते बरंच झालं.

वाट बघणारा,
मेहबूब

कुवेत, २० मे

ती. भाईंस सलाम वि. वि.

गंगारामकाकांचा निरोप मोडक्या अरबीत सांगितला. मॅडमनी दोनदा सांगायला लावला. मग जुने सोबती जमवून त्यांनी नाटक बसवलं. वारस आजी मरायची वाट बघतात, नि ती रोज सकाळी उठून चहा मागते. मोलकरणीचं काम करणारी नटी कंपनीच्या भीतीने आली नाही. मॅडम म्हणाल्या, सुगरा करेल.

तुम्हांला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.

दोनच वाक्यं होती. पहिलं घाईत उरकलं. दुसऱ्याला लोक हसले, मी आत निघणार, तोच मॅडमनी हळूच माझं बोट दाबलं, म्हणजे थांब, त्यांचं हसून होऊ दे. माझ्याबद्दल एका पेपरने लिहिलं, या नटीने परदेशी उच्चार फार मेहनतीने कमावले आहेत. तेराव्या प्रयोगाला तो दिग्दर्शक फुलं घेऊन आला, नवी मालिका देतो म्हणाला. मॅडमनी विचारलं, कितव्या भागात मरायचं? तो फुलं ठेवून गेला.

रागावला असलात तरी सलाम घ्यावा.
सुगरा

खारेपाटण, १४ जून

चि. सुगरास दुवा वि. वि.

हाजीसाहेबांनी विचारलं, बहीण तिकडे काय करते. नेहमीसारखं कपड्यांचं काम म्हणणार होतो. नाटकात आहे, म्हणालो. त्यांनी खिशातून चष्मा काढला नि व्हिडिओ आहे का विचारलं.

तुझ्या शाळेच्या गॅदरिंगच्या वेळी मी नाटकाला नाही, लोकांना घाबरलो होतो. हे लिहायला मला चोवीस वर्षं लागली.

तुझी ती दोन अरबी वाक्यं आपल्या अक्षरांत लिहून पाठव. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, नि मला म्हणून दाखवता येत नाही.

तुझा भाऊ,
मेहबूब