प्रमुख पाहुण्याची खुर्ची

मी, तुळशीराम गणू तरे, वय एकोणसत्तर, राहणार खारबाव, ता. भिवंडी, व्यवसाय अभिनय (काम मिळेल तेव्हा), कुणाच्याही दबावाखाली न येता, डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे; पत्नी विनिताला तो मान्य नाही.

१. राहते घर विनिताचे, तिच्या पश्चात मुलगी रुचिकाचे. आमच्या भाताच्या शेतात आता गोदाम आहे, त्याचे भाडेही याच क्रमाने जावे. संसार या भाड्यावर चालला. सिनेमावर चालतो असे गावाला वाटायचे, आणि मी तसे वाटू दिले.

२. पहिल्याच चित्रपटासाठी मिळालेले राज्य पुरस्काराचे मानचिन्ह रुचिकाने घ्यावे. तेव्हा गावाने मला स्टेशनापासून वाजतगाजत घरी आणले होते. पुढे हवालदार झालो, सरकारी वकील झालो. एका मालिकेत तर हार घातलेला फोटो होऊन तीन वर्षे भिंतीवर होतो. सर्वांत जास्त लोकांनी मला तिथेच पाहिले.

३. ‘तुळशीराम, तुझ्यासाठी मोठी भूमिका लिहितोय’ असे मला आयुष्यभर सांगत आलेल्या दिग्दर्शकाने माझ्या दशक्रियेला भाषण करू नये. जेवून जावे.

४. कपाटातल्या शाली गावच्या नाट्यमंडळाला परत द्याव्यात. त्यातल्या काही मंडळाने मला दोनदा दिलेल्या आहेत. पुरस्काराआधी मी दर जत्रेला गावच्या नाटकात असायचो. पुरस्कारानंतर गावाने मला प्रमुख पाहुणा केले. पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, नारळ. रंग लावलेली मंडळी माझ्या पाया पडून विंगेत जातात आणि मी खाली बसून त्यांचे संवाद ओठांत म्हणतो. काम करतोस का, असे एकदाही कुणी विचारले नाही. सिनेमाने विचारले नाही त्यापेक्षा याचे दुःख मला जास्त आहे. ती खुर्ची कुणालाही द्यावी.

५. इथवर लिहून साक्षीसाठी दामूकडे गेलो. दामू माझा लहानपणचा मित्र आणि मंडळाचा अध्यक्ष. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, असे वकील म्हणाले होते. पण दामू लाइटबिलसुद्धा वाचल्याशिवाय भरत नाही. चौथ्या कलमावर तो थांबला.

“तुला नाटकात काम करायचा व्हता? मंग बोललास का न्हाय?”

“तुम्ही विचारलंत का?”

“इचारनार कसा? राजाचा पार्ट धनेशच्या घरान्याचा, त्यो दुसऱ्याला देता येत न्हाय. आन सरकारनं बक्षीस दिलेल्या मानसाला भालदार केला असता, तं गाव आमच्यावर थुकला असता.”

“भालदार चालेल,” मी म्हणालो.

दामूने कागद खाली ठेवला. मग म्हणाला, “यंदा भालदार न्हायच आपल्याकं. दोन वाक्य हायत. बग.”

६. सबब चौथ्या कलमात दुरुस्ती. शाली परत द्याव्यात, हे कायम. यंदाच्या जत्रेत पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर विनिता बसेल. जत्रेआधी माझे काही बरेवाईट झाल्यास नाटक थांबवू नये. माझी दोन वाक्ये रुचिकाने म्हणावीत. ती तिला पाठ आहेत. कालपासून आमच्या घरात दुसरे काही ऐकू येत नाही.

वरील मजकूर माझा, सही माझी.
तुळशीराम गणू तरे

साक्षीदार:
१. दामू तरे (वाचून सही केली)
२. हरेश भोईर (दामूने वाचले म्हणून सही केली)

खारबाव, १६ मार्च २०२५