आठ वर्षांचं पिल्लू

१२ मे, सोमवार
रानाचा राखणदार म्हणून आज वर्षाची मोजणी केली. माझ्या वाट्याच्या रानात जिराफ अकरा—मोठे दहा, पिल्लू एक. पिल्लू म्हणजे आपली बुटकी! मान, धड पुरतं वाढलेलं, पाय मात्र अर्ध्यावर राहिलेले. आठ वर्षं मी तिला पिल्लांच्या रकान्यात टाकतोय. पहिली दोन वर्षं खरंच फसलो. नियमच तसा—मोठ्याच्या खांद्याला लागत नाही ते पिल्लू. चूक कळली तोवर हेही कळलं होतं, की पैसे घेऊन शिकाऱ्यांना जी जनावरं मारू देतात, त्या यादीत पिल्लं जात नाहीत. मग राहू दिलं.

१५ मे, गुरुवार
राजधानीतून जनावरांची डॉक्टरीण आली. कुणीतरी बुटकीचा फोटो तिकडे पाठवलेला! दुर्बिणीतून तासभर बघून म्हणाली, हाडांची वाढ जन्मापासूनच खुंटलीय, रक्तातलाच दोष असावा—पण नक्की सांगता येत नाही. आमच्या गावच्या वन्यजीव समितीचा अध्यक्ष वेमुना ऐकेना. त्याच्या मते ही पोटात असताना आईच्या मागे सिंह लागला असणार. माझी बायको रियावेझा म्हणते, त्या साली पाऊस नव्हता, आईच्याच पोटात काही नव्हतं. भोपळ्याच्या तुंब्यातलं आंबट दूध संपलं, वाद संपला नाही. मजा आली.
निघताना डॉक्टरीण सहज म्हणाली, "काका, ही आठ वर्षांची तरी आहे. तुमच्या कागदात पिल्लू कशी?"
मी मोजणीची वही मिटून बगलेत मारली.

१६ मे, शुक्रवार
जेवण गेलं नाही.

२१ मे, बुधवार
व्हायचं तेच झालं. कुणा परदेशी शिकाऱ्याला बुटकीच हवी—असलं जनावर दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर नाही म्हणे! त्या पैशांत गावच्या शाळेचं छप्पर होईल. सोमवारी यादी ठरणार. अंगावर पिणारं पोर असलेली मादी तेवढी वगळतात, आणि बुटकीकडे कुठला नर वळून बघणार?
वेमुनाजवळ सगळं कबूल केलं. तो हसायला लागला. "अरे, गुरांत म्हातारा झालो मी. मला वय कळत नाही? तुझ्या कागदावर दरवर्षी सही कोण करतं?"
पण आता बुटकी मोठी आहे असं डॉक्टरणीने लिहून दिलंय, त्याचेही हात बांधलेले.

२३ मे, शुक्रवार
रियावेझा म्हणाली, "माझी एवढी काळजी कधी केली नाहीस." खरं आहे. मला ती बुटकी आवडते, झालं! दुपारी बायकोसाठी लाकडं फोडली. बरीच फोडली.

२५ मे, रविवार
कोरड्या नदीच्या पात्रात बुटकी उभी. तिच्या पोटाशी ओलं पिल्लू, आणि पाय हे एवढे लांब! दूध प्यायला त्याला पुढचे पाय फाकवून वाकावं लागतं. बाप कोण, कसं जमवलं, देव जाणे. पोट वाढलेलं मला दिसलंही नाही!
वेमुनाला फोन केला. तो म्हणाला, "उद्याच्या यादीत ती नाही. आता कागद नीट लिही."
लिहिलं: मोठी मादी, एक.